कोंबडी बसून आहे: खुडूक, अडलेली की आजारी?

"कोंबडी सकाळपासून बसूनच आहे, काय करू?" पुण्याच्या धायरी-नऱ्हे भागात आम्ही सात-आठ घरं परसात कोंबड्या पाळतो, आणि नव्याने सुरुवात केलेल्यांचा पहिला फोन बहुतेक वेळा याच वाक्याने सुरू होतो. अडचण अशी की बसलेली कोंबडी चार अगदी वेगळ्या कारणांनी बसलेली असू शकते. अंडं घालायला बसली असेल तर तिला हातही लावायचा नाही. खुडूक झाली असेल, म्हणजे अंडी उबवायच्या नादाने बसली असेल, तर घाई नाही. अंडं अडकलं असेल तर तुमच्या हातात जेमतेम एखादा दिवस असतो. आणि पोटात पाणी झालं असेल तर घरी करण्यासारखं फार काही उरत नाही. लांबून पाहिलं तर चारही जणी सारख्याच दिसतात.

मी हे एक कोंबडी घालवून शिकले. ठमी नावाची तपकिरी आरआयआर, म्हणजे ऱ्होड आयलंड रेड जातीची कोंबडी होती. एप्रिलातल्या एका दुपारी ती अंडी घालायच्या खोक्यात बसली, मी समजले खुडूक झाली. संध्याकाळी सासूबाईंनी तिला उचललं, पोटाखाली हात फिरवला आणि म्हणाल्या, "अगं, ही अडलीये. दुपारीच का नाही उचललीस?" त्या वेल्ह्याकडच्या, लहानपणापासून कोंबड्यांत वावरलेल्या. मग एरंडेल पाजून झालं, शेक देऊन झाला. पहाटे ठमी गेली. एरंडेल का उपयोगाचं नव्हतं ते पुढे येईलच.

आरआयआर ही जातच क्वचित खुडूक होते, हे मला तेव्हा माहीत असतं तर दुपारीच शंका आली असती.

आधी एवढं समजून घ्या

कोंबडीच्या शरीरात डाव्या बाजूचीच अंडनलिका काम करते. बलक सुटल्यापासून अंडं बाहेर पडेपर्यंत साधारण २४ ते २६ तास लागतात. त्यातले जवळजवळ २० तास फक्त कवच चढायला जातात, आणि यातला बराचसा वेळ रात्रीचा असतो. म्हणजे कोंबडी दांडीवर झोपलेली असताना, पोटात नवं खाद्य येत नसताना, तिला कवचासाठी कॅल्शियम लागत असतं. एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅमपेक्षा थोडं जास्त कॅल्शियम असतं. ते खाद्यातून मिळालं नाही तर ती स्वतःच्या हाडांतून काढते. काही दिवस असं भागतं. नंतर कवच पातळ होतं, मग मऊ होतं, आणि मऊ अंडं ढकलता येत नाही म्हणून अडकतं. अंडनलिकेच्या स्नायूंना आकुंचन पावायलाही कॅल्शियमच लागतं, त्यामुळे तुटवडा दोन्हीकडून मारतो.

दुसरी गोष्ट, अंड्याचा रस्ता आणि अन्नाचा रस्ता वेगळे आहेत. ते अगदी शेवटी, मागच्या द्वारापाशी एकत्र येतात. चोचीतून पाजलेलं एरंडेल आतड्यात जातं, अंडनलिकेत नाही. अशक्त कोंबडीला वर जुलाब मात्र होतात. हे सासूबाईंना समजावून सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग आमच्या आईच्या कोंबड्या कशा सुटायच्या?" बहुधा शेकाने सुटत असाव्यात.

पहिली पायरी: उचला आणि चाचपा

बहुतेक कोंबड्या सकाळी अंडं घालतात. खोक्यात अर्धा तास ते दोन तास बसतात, बाहेर येऊन गाव गोळा होईल इतका कल्ला करतात आणि खायला लागतात. तेवढा वेळ द्या. अकरा-बारा वाजून गेले तरी बसलीच असेल, किंवा खोक्यात नसून भलत्याच कोपऱ्यात अंग फुगवून, शेपटी खाली टाकून उभी असेल, तर उचला.

उचलायची पद्धत: दोन्ही पंख अंगाशी दाबून धरा, कोंबडी डाव्या काखेत घ्या, तिचं डोकं तुमच्या पाठीकडे आणि शेपटी समोर. उजवा हात मोकळा राहतो. आता वरपासून खाली या.

तुरा लाल आणि डोळे टक्क उघडे असतील तर निम्मी काळजी मिटली. तुरा जांभळट असेल किंवा ती चोच उघडून श्वास घेत असेल तर बाकीचं चाचपणं सोडा आणि डॉक्टरांना फोन लावा. गळ्याखालची अन्नाची पिशवी बघा. सकाळी खाद्य घालण्याआधी ती रिकामी हवी. रात्रभर भरलेली, घट्ट किंवा आंबूस वासाची असेल तर दुखणं अंड्याचं नाही, पचनाचं आहे. छातीचं हाड हाताला सुरीसारखं लागलं तर कोंबडी बऱ्याच दिवसांपासून खंगते आहे, तुमच्या आज लक्षात आलं इतकंच. आजार लपवण्यात कोंबडी पटाईत असते, कारण कळपात अशक्त दिसली की बाकीच्या टोचा मारतात.

मग मागचं द्वार. अंड्यावर असलेल्या कोंबडीचं द्वार रुंद, ओलसर आणि फिकं असतं. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक हाडांची टोकं लागतात. त्यांच्यात तुमची दोन-तीन बोटं मावली तर ती अंडी देते आहे. एकच बोट कसंबसं मावलं तर तिने अंडी थांबवली आहेत किंवा ती अजून तलंग, म्हणजे अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी आहे, आणि मग अडकायला पोटात अंडंच नाही.

शेवटी पोट. पायांच्या मधून, छातीचं हाड संपतं तिथपासून द्वारापर्यंत तळहात हळूच फिरवा. निरोगी पोट मळून थोडा वेळ ठेवलेल्या कणकेसारखं लागतं. कडक, गोल, लिंबापेक्षा मोठं काही लागलं तर ते अंडं. पाण्याने भरलेल्या फुग्यासारखं डुचमळलं तर पाणी. दाबायचं नाही, फक्त जाणवून घ्यायचं. खरं सांगायचं तर हे एकदा वाचून येत नाही. तुमच्या धडधाकट कोंबड्या आठवड्यातून एकदा उचलून चाचपत जा, म्हणजे वेगळं काय ते हाताला कळतं.

खुडूक असेल तर

खुडूक कोंबडी खोक्यात पसरून, चपटी होऊन बसते. हात घातला की पिसं फुलवते, गुरगुरल्यासारखा आवाज करते, टोचते. छातीची पिसं तिने स्वतःच उपटलेली असतात. दिवसातून एखाददा बाहेर येते, एक भलीमोठी, घाणेरडा वास मारणारी शिट टाकते, घाईघाईने दाणे टिपते आणि परत आत. डोळे मात्र तेज असतात.

गावरान कोंबड्यांमध्ये हे नेहमीचंच. कारखानी पद्धतीच्या पांढऱ्या लेयर (खास अंड्यांसाठी पाळल्या जाणाऱ्या) कोंबड्यांमधून, म्हणजे बी.व्ही. ३०० सारख्या जातींमधून, हा गुण निवडीने जवळजवळ काढून टाकला आहे. त्यामुळे तुमची पांढरी लेयर 'खुडूक' बसलेली दिसली तर ती खुडूक नाही असंच समजून चाला.

पिल्लं हवी असतील तर फलित अंडी खाली ठेवा, २१ दिवसांत फुटतात. नको असतील तर तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात, जमिनीपासून वर, उजेडात, दाणापाण्यासह तीन-चार दिवस ठेवा. खालून हवा लागली की पोटाची ऊब मोडते आणि नाद सुटतो. नाकातून पीस आरपार घालण्याचा जुना उपाय करू नका. त्याने कोंबडी खुडूकपणा विसरत नाही, तुमच्यावरचा विश्वास विसरते, आणि जखम चिघळते ती वेगळीच.

अडली असेल तर

सगळ्यात जास्त जागा याच प्रकरणाला देते, कारण इथे वेळेवर केलेल्या कामाचा खरोखर उपयोग होतो.

खुणा अशा: कोंबडी सरळ ताठ उभी राहते, चालताना पाय फाकवते. शेपटी खालीवर हलते, कुंथताना दिसते. सारखी खोक्यात जाते, रिकामी बाहेर येते. शिट होत नाही किंवा थोडीशी पांढरी पाणीदार होते, कारण अडकलेल्या अंड्याने तो रस्ताही दाबला जातो. नव्याने अंड्यावर आलेल्या तलंगा, खूप जाड झालेल्या कोंबड्या आणि उन्हाळ्यात दमलेल्या कोंबड्या, या तिघींमध्ये हे जास्त दिसतं.

सर्वांत आधी तिला वेगळं काढा. मग टबात कोमट पाणी घ्या. कोंबडीच्या अंगाचं तापमान सुमारे ४१ अंश असतं, म्हणून आपल्याला 'छान कोमट' वाटणारं ३८ ते ४० अंशांचं पाणी तिला बरोबर बसतं. मनगटाच्या आतल्या बाजूवर घालून बघा, बाळाच्या अंघोळीचं बघतो तसं. पाणी पोट आणि मागचं द्वार बुडेल एवढंच, पंखांच्या वर नाही. औषधाच्या दुकानात मिळणारं एप्सम मीठ असेल तर एक मोठा चमचा टाका, नसेल तर साध्या पाण्यानेही काम होतं. पंधरा-वीस मिनिटं धरून ठेवा. पहिली दोन मिनिटं फडफडेल, नंतर बहुतेक जणी डोळे मिटून शांत बसतात. पाणी गार झालं की बदला.

बाहेर काढून नीट कोरडी करा. डिसेंबर-जानेवारीच्या पुण्यात ओली कोंबडी सोडून दिली तर अंड्याच्या आधी थंडीनेच जाईल. टॉवेल आणि कमी तापमानावरचा केस वाळवायचा ड्रायर, दोन्ही वापरा. मग द्वाराला बोटाने थोडं खोबरेल तेल किंवा दवाखान्यात वापरतात ती जेली लावा. हातमोजा घातलेलं, नख कापलेलं, तेल लावलेलं बोट अलगद एक पेर आत गेलं तर कधीकधी अंड्याचं टोक लागतं. लागलं तर कडेने तेल फिरवा, एवढंच. ओढायचं नाही.

आता कॅल्शियम. पशुखाद्याच्या दुकानात कोंबड्यांसाठीचं द्रवरूप कॅल्शियम मिळतं, त्याच्या बाटलीवरच्या मात्रेप्रमाणे द्या. ते सुई नसलेल्या सिरिंजने, चोचीच्या कडेला थेंबाथेंबाने सोडा. घशात जोरात सोडलं तर श्वासनलिकेत जातं. प्यायला पाणी जवळ ठेवा, त्यात चिमूटभर गूळ चालेल.

यानंतर तिला खोक्यात ठेवा: खाली जाड टॉवेल, वरून अर्धं झाकलेलं, अंधार, शांतता, ऊब. हिवाळ्यात एका बाजूला ४० वॅटचा पिवळा बल्ब, पण दुसरी बाजू गार राहू द्या म्हणजे तिला सरकता येईल. आणि मग दर पाच मिनिटांनी झाकण उघडून बघू नका. हे मला सगळ्यात कठीण जातं. अंडं बाहेर पडायला तिला एकांत लागतो. दीड-दोन तासांनी बघा, नसेल तर आंघोळ पुन्हा एकदा.

दोन आंघोळींनंतर, किंवा पहिली खूण दिसल्यापासून संध्याकाळपर्यंत अंडं आलं नाही तर डॉक्टर गाठा. ते कॅल्शियमचं इंजेक्शन देतात, गरज वाटली तर अंडनलिका आकुंचन पावण्याचं औषध देतात. हे दुसरं औषध स्वतः आणून कधीही देऊ नका. अंडं वाटेत घट्ट अडकलेलं असताना ते दिलं तर नलिका फाटू शकते.

पोट दाबून अंडं बाहेर ढकलणं आणि आतल्या आत फोडणं, या दोन गोष्टी घरी करायच्या नाहीत. कवचाचे तुकडे आत चिरे पाडतात, बलक पोटात सांडतो आणि जंतुसंसर्ग होतो. अडलेल्या कोंबडीपेक्षा फोडलेल्या अंड्याची कोंबडी वाचवणं अवघड.

अंडं आलंच, तर दोन-तीन दिवस तिला वेगळी ठेवा आणि उजेड कमी करा, म्हणजे पुढचं अंडं लगेच तयार होणार नाही.

अंग बाहेर आलं असेल तर

अंडं घालताना द्वारातून लाल, ओला भाग क्षणभर दिसतो आणि आत जातो. हे नैसर्गिक आहे, घाबरू नका. तो भाग आत न जाता लोंबत राहिला तर मात्र त्या मिनिटाला कोंबडी कळपातून बाहेर काढा. लाल रंग दिसला की बाकीच्या टोचतात, आणि टोचून आतडी बाहेर काढतात. अंग बाहेर आल्याने मरणाऱ्यांपेक्षा टोचून मरणाऱ्या जास्त असाव्यात असं मला वाटतं.

एक लिटर पाणी उकळून कोमट करा, त्यात दीड सपाट चहाचा चमचा मीठ घाला आणि त्याने बाहेर आलेला भाग हळूवार धुवा. सूज असेल तर वरून पिठीसाखर किंवा मध लावून दहा मिनिटं थांबा. साखर पाणी ओढून घेते, सूज उतरते. मग जेली लावलेल्या हातमोज्याच्या बोटाने, अजिबात जोर न करता, तो भाग आत सरकवा आणि मिनिटभर बोटाने आधार द्या. आत अंडं आहे असं जाणवलं, किंवा भाग काळा पडला असेल, सुकला असेल, फाटला असेल, तर घरी हात लावू नका, ओल्या स्वच्छ कापडात झाकून डॉक्टरांकडे न्या.

आत गेलं तरी पुढचा आठवडाभर तिला अंधाऱ्या जागी ठेवा, उजेड दिवसाला आठ-दहा तासच. अंडी थांबवणं हाच उपचार. खरं बोलायचं तर एकदा बाहेर आलेलं अंग पुन्हा येण्याची शक्यता दांडगी असते. तलंगांना लवकर अंडी यावीत म्हणून बल्ब लावून दिवस लांबवणाऱ्यांकडे हे हमखास होतं. शरीर तयार नसताना मोठं अंडं आलं की असं होणारच.

पोटात पाणी, पोटात बलक

पोट मोठं, गरम, डुचमळणारं. पेंग्विनसारखी चाल. आत अंडं लागत नाही. कधी बलक नलिकेत न पडता पोटाच्या पोकळीत पडत राहतो आणि तिथे जंतू वाढतात. कधी नलिकेलाच संसर्ग होतो, आणि मग एखाद्या दिवशी खोक्यात अंड्याऐवजी रबरासारखा, थराथरांचा, खरवसाच्या शिळ्या वडीसारखा गोळा सापडतो. तो सापडला तर फेकू नका, फोटो काढा आणि डब्यात घालून फ्रिजच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा. डॉक्टरांना तो दाखवल्यावर निम्मं निदान होतं.

यावर घरगुती उपाय नाही. प्रतिजैविकं डॉक्टरच देतील, पाणीही तेच काढतील. शेजारच्या कुणाकडून उरलेल्या गोळ्या आणून देऊ नका. औषध चालू असताना आणि त्यानंतर किती दिवस अंडी खायची नाहीत, हे डॉक्टरांना विचारून भिंतीवर लिहून ठेवा. जास्त अंडी देणाऱ्या जातींमध्ये दोन वर्षांनंतर हे दुखणं बऱ्याच वेळा येतं आणि बऱ्याच वेळा बरं होत नाही. तेव्हा डॉक्टरांना विचारून तिला शांतपणे जाऊ देणं हाही पर्याय असतो. औषध दिलेल्या आजारी कोंबडीचा रस्सा करायचा नाही, हे वेगळं सांगायला नको, पण मला दोनदा सांगावं लागलं आहे.

अंडं हातात घेऊन बघा

रोज अंडी गोळा करताना कवचावरून अंगठा फिरवा. मऊ, कातड्यासारखं अंडं नव्या तलंगेकडून पहिल्या दोन आठवड्यांत एखादं आलं तर सोडून द्या. वर्षभर अंडी देणाऱ्या कोंबडीकडून आठवड्यात दोन आली तर कॅल्शियम, ऊन किंवा आजार, यापैकी काहीतरी आहे. कवचावर खडूसारखे दाणे असतील तर काळजी नाही. रक्ताचा ओरखडा तलंगेच्या पहिल्या अंड्यांवर दिसतो, पण रोजच दिसू लागला तर द्वाराला जखम आहे का बघा. तपकिरी अंडी एकदम फिकी यायला लागली तर रात्री टॉर्च घेऊन खुराड्यात जा आणि दांडीच्या सांध्यात लाल उवा आहेत का पाहा. त्या दिवसा फटीत लपतात, रात्री रक्त पितात.

कवच सुरकुतलेलं, फोडल्यावर पांढरं पाण्यासारखं पातळ, आणि कोंबड्या शिंकताहेत, नाकातून पाणी: हा श्वसनाचा विषाणुजन्य आजार असू शकतो, आणि तो एकीवर थांबत नाही. एकदम सगळ्यांचीच अंडी घटली, हिरवी शिट, मान वाकडी: मानमोडीचा (राणीखेत रोगाचा) संशय घ्या. मानमोडीची लस औंधच्या सरकारी संस्थेत तयार होते, पण एका कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त मात्रा असतात आणि उघडलेली कुपी ठेवून चालत नाही. म्हणून आम्ही सात-आठ घरं एकाच दिवशी लस आणतो. तुमच्या भागातही असे शेजारी शोधा.

अंडंच नाही, कोंबडी मात्र मजेत आहे? आधी जास्वंदीच्या कुंपणात हात घालून बघा. आमच्याकडे तिथे एकदा चौदा अंडी निघाली होती. मुंगूस हा दुसरा संशयित.

खाद्य आणि पुण्याचे ऋतू

आपल्या घरांत कोंबडीला प्रेमाने काय घालतात? उरलेली पोळी, भात, शेव. त्यात पिष्ट आणि तेल, कॅल्शियम जवळजवळ शून्य. कोंबडी गुबगुबीत होते, पोटात चरबी साठते, यकृत बिघडतं आणि अंडनलिकेवर दाब येतो. अंड्यावर आलेली कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. ते लेयर खाद्य असेल तर त्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतं, म्हणजे रोज सुमारे ४ ग्रॅम. त्यातलं साधारण निम्मं अंगी लागतं. हिशोब जेमतेम जुळतो, आणि त्यात तुम्ही दोन पोळ्या चुरून घातल्या की मोडतो. खाऊ द्यायचाच तर मूठभर, संध्याकाळी. शेवग्याचा पाला, अझोला (पाण्यावर तरंगणारी बारीक वनस्पती), मेथीच्या काड्या चालतील.

याशिवाय शिंपल्याचा जाडसर चुरा वेगळ्या वाटीत कायम भरून ठेवा, खाद्यात मिसळू नका. जिला लागेल ती घेते. संध्याकाळी खाल्लेले जाड तुकडे पोटात रात्रभर हळूहळू विरघळतात, नेमके कवच चढत असताना. बारीक पूड तोवर पुढे निघून गेलेली असते. लेयर खाद्य पिल्लांना मात्र घालू नका. इतकं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. १८ आठवड्यांच्या आसपास किंवा पहिलं अंडं दिसल्यावर बदल करा. गावरान उशिरा अंड्यावर येते, सहा-सात महिनेही लागतात.

एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा ४० च्या आसपास जातो तेव्हा कोंबड्या चोच उघडून धापा टाकतात. धापांबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो आणि कवचाला लागणारा कार्बोनेट कमी पडतो. वर, उकाड्याने खाणंही घटतं. म्हणून पातळ कवच आणि अडलेल्या कोंबड्या उन्हाळ्यात जास्त. खाद्य पहाटे आणि ऊन उतरल्यावर द्या. पाणी सावलीत, मातीच्या भांड्यात, दुपारी एकदा बदलून. खुराड्यावर ओलं गोणपाट टाका, पण हवा खेळती ठेवा.

पावसाळ्यात धोका बुरशीचा. मका किंवा खाद्याला कुबट वास आला की कितीही महाग असलं तरी फेका. बुरशीचं विष अंडी कमी करतं आणि यकृत खातं. खुराड्यात अंथरलेला भाताचा तूस ओला झाला की लगेच बदला.

डिसेंबरात इथला दिवस जेमतेम ११ तासांचा असतो आणि अंड्यासाठी कोंबडीला १४ तासांच्या आसपास उजेड लागतो. त्यातच पिसं झडण्याचा काळ आला की अंडी बंद. हे दुखणं नाही. बल्ब लावायचाच तर पहाटे लावा. संध्याकाळी एकदम अंधार झाला की त्यांना दांडीवर चढता येत नाही. मी लावत नाही. वर्षातून दोन महिने त्यांना सुट्टी द्यायला काय हरकत आहे? दुकानात अंडी मिळतात.

डॉक्टर आधीच शोधून ठेवा

राष्ट्रीय अंडी समन्वय समितीचं मुख्यालय असलेल्या या शहरात सहा कोंबड्यांसाठी डॉक्टर मिळणं मात्र सोपं नाही. ठमीच्या रात्री मी एका दवाखान्यात फोन केला, तर पलीकडून हसण्याचा आवाज आला, "मॅडम, आम्ही कुत्री-मांजरं बघतो." म्हणून आजच, सगळं ठीक असताना, जवळच्या दोन-तीन दवाखान्यांत विचारा: पक्षी बघता का? कोंबडी बघता का? रात्री? सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना कुठे आहे तेही पाहून ठेवा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे.

कोंबडी अचानक मेली आणि कारण कळलं नाही तर औंधला पशुसंवर्धन खात्याच्या परिसरात रोगनिदान प्रयोगशाळा आहे. आधी फोन करून विचारा. मृत पक्षी दोन पिशव्यांत बांधून बर्फासोबत न्यायचा, गोठवायचा नाही, गोठल्यावर तपासणी नीट होत नाही. मात्र एक-दोन दिवसांत अनेक कोंबड्या मेल्या, तुरे निळे पडले, चेहरे सुजले, तर काहीही कुठेही नेऊ नका. हात लावू नका, पशुसंवर्धन खात्याला कळवा आणि त्यांची वाट बघा. ही बर्ड फ्लूची लक्षणं असू शकतात, २००६ मध्ये तो नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला आला होता. हा नियम परसातल्या दोन कोंबड्यांनाही लागू आहे.

खुराड्याजवळचा डबा

जुना जाड टॉवेल, हातमोजे, जेली, खोबरेल, सुई नसलेल्या दोन सिरिंज, द्रवरूप कॅल्शियम, एप्सम मीठ, टॉर्च, पुठ्ठ्याचं एक मोठं खोकं आणि दोन डॉक्टरांचे नंबर लिहिलेला कागद. सोबत एक वही, कोणी कधी अंडं दिलं आणि कवच कसं होतं ते टिपायला. सहा कोंबड्या असतील तर कोणाचं अंडं कुठलं हे महिनाभरात आकारावरून कळायला लागतं. आमचा डबा मोरीच्या वरच्या फळीवर असतो. एरंडेलाची बाटलीही तिथेच आहे, पण ती आता सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी.